बुकिंग फियाटचं, ताबा पद्मिनीचा

माझ्यासमोर दोन कागद आहेत. पहिला ऑगस्ट १९६८चा. सोलापूरच्या एका डॉक्टरांनी मोटारीसाठी नाव नोंदवल्याची ही पावती. तिच्यावर गाडीचं नाव आहे 'फियाट ११०० डिलाइट'. दुसरा कागद म्हणजे डिसेंबर १९७४चं आरसी बुक. त्यात त्याच डॉक्टरांच्या नावावर गाडी चढली आहे, पण तिचं नाव आहे 'प्रीमियर पद्मिनी'. मागणारा माणूस तोच, रांग तीच. मधल्या सहा वर्षांत गाडीचं नावही बदललं आणि आडनावही.

हे कागद गेल्या वर्षी मला गाडीबरोबर मिळाले. खरं तर मी गाडी घ्यायला गेलो होतो, कागद घ्यायला नव्हे. जुन्या गाड्यांची हौस असलेला माणूस पत्रा बघतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, किमतीवर घासाघीस करतो. कागद बघतो ते नाव चढवण्यापुरते. पण पुढच्या वर्षभरात माझ्या लक्षात येत गेलं, की चांगली राखलेली जुनी गाडी हे इतिहासाचं साधन असतं. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जी दप्तरं गोळा केली त्यांना ज्या अर्थाने साधनं म्हणायचं, त्याच अर्थाने. आणि दप्तराला लागू असलेला नियम गाडीलाही लागू आहे: नक्कल कितीही सुबक असली तरी अस्सल ते अस्सल. हा नियम पाळताना माझ्या हातून एक चूक झाली. तीही सांगणार आहे.

*

शोध सुरू झाला तो २०२३च्या ऑक्टोबरात. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षं, त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर पद्मिनी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून कायमची उतरली. वर्तमानपत्रांत फोटो आले, हळहळ व्यक्त झाली. मला त्या बातमीने एक प्रश्न पडला. एकेकाळी मुंबईत उभं राहून हात केला की जी गाडी थांबायची, तिची कारखान्यातून निघाली तशी एक तरी प्रत आज शिल्लक आहे का?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. महाराजांच्या रोल्स रॉइस टिकल्या, कारण त्या मुळातच मोजक्या होत्या आणि त्यांची किंमत सगळ्यांना ठाऊक होती. रोजच्या वापरातली वस्तू कुणी जपत नाही. टॅक्सी झालेल्या पद्मिनीवर कॅरियर चढले, डिकीत सीएनजीची टाकी बसली, सीटा चारदा बदलल्या, पत्र्यावर रंगावर रंग चढला. घरगुती गाड्यांचं भाग्य थोडं बरं. पण मुंबई-कोकणातल्या खाऱ्या हवेने त्यांचा पत्रा खाल्ला, आणि मारुती आल्यावर उरलेल्या भंगारात गेल्या. जी वस्तू सर्वांत जास्त होती, तिचीच अस्सल प्रत सर्वांत दुर्मीळ.

म्हणून कोरड्या हवेच्या गावांत शोधायचं ठरवलं. नगर, लातूर, विजापूर असं करत सोलापूरला एका बंगल्याच्या मागच्या शेडमध्ये ही गाडी सापडली. डॉक्टर जाऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यांचे चिरंजीव साठीचे. त्यांनी ताडपत्री काढली तेव्हा चारही चाकं बसलेली होती. रंग फिकट राखाडी, आणि टपावर धुळीच्या थराखाली उन्हाने विटलेला.

अशी गाडी बघताना काय बघायचं, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या गोष्टीचा त्याच्याशी संबंध आहे. १९५३ साली इटलीत आलेल्या या ११०० गाडीला वेगळी चासी नाही. तळ, उंबरे आणि टप मिळून एकच सांगाडा. त्यामुळे तळाचा पत्रा गंजला तर गाडीचा कणाच गेला. पायाखालची मॅटं उचलायची, दरवाजांच्या तळाशी बोट फिरवायचं, स्टेपनी काढून तिच्याखाली बॅटरी मारायची. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचं. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी भरलेली आहे. दरवाजाचं रबर जरा उचकटून त्याखालचा रंग बघायचा. बाहेरचा आणि आतला रंग एकच असेल तर गाडी पुन्हा रंगवलेली नाही. इंजिनावरचा आणि बॉडीवरचा नंबर आरसी बुकाशी ताडायचा. बंद पडलेली गाडी 'स्टार्टर मारून' कधीच बघायची नाही. आधी प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडायचं, इंजिन हाताने फिरतं का ते पाहायचं.

चुंबक सगळीकडे धरत होता. रबराखालचा रंग बाहेरच्याच जातीचा, फक्त ऊन न लागल्याने ताजा. १०८९ सीसीचं इंजिन मूळ नंबराचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या बाजूला जसा असायला हवा तसा, पुढची सीट अखंड बाकासारखी, तिचं रेक्झिन शिवणीपाशी उसवलेलं पण मूळचं. गंज होता तो एकाच जागी, ड्रायव्हरच्या पायाखाली तळहाताएवढा. पन्नाशीला आलेली ही गाडी ६१ हजार किलोमीटर चालली होती.

"इतकी कमी कशी?" मी विचारलं.

"बाबा पेट्रोल मोजून टाकायचे," चिरंजीव म्हणाले, आणि आतून एक पत्र्याची पेटी घेऊन आले. पावती, आरसी बुक, विम्याचे कागद, आणि पेट्रोलच्या नोंदींची एक जाडजूड वही त्या पेटीत होती.

*

पावतीवरचं नाव आरसी बुकात का नाही, याचं उत्तर शोधायला मला पुष्कळ मागे जावं लागलं. आणि गंमत अशी, की ते मागे जाणंही सोलापूरलाच पोचलं. ही गाडी ज्या कारखान्यात बनली त्याचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा.

भारतात मोटार बनवावी ही कल्पना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात मांडली. मुंबईत कारखाना काढायचा त्यांचा आराखडा होता, वालचंद त्यात सामील झाले. १९३७ साली सत्तेवर आलेल्या बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने पाठिंबा दिला, पण महायुद्ध सुरू झाल्यावर केंद्रातल्या इंग्रज सरकारने या उद्योगाला युद्धोपयोगी मानायला नकार दिला. वालचंदांनी मग बंगळूरला विमानांचा कारखाना काढला, १९४०ची हिंदुस्थान एअरक्राफ्ट. मोटारीची 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' १९४४ साली स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यात सुरुवातीला अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ आणि डिसोटो गाड्यांची जुळणी होई. पन्नाशीच्या सुरुवातीला फियाटशी करार झाला. १९५३ साली वालचंद वारले, आणि त्यानंतर वर्षभरात रस्त्यावर आली ती फियाट ११००. तिच्या गोल पाठीमुळे आणि पुढच्या सोंडेमुळे मराठी माणसाने तिला 'डुक्कर फियाट' म्हटलं. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले. नऊवारी नेसलेल्या बाईला गाडीत बसणं त्याने सोपं जाई, असं जुने लोक आजही सांगतात.

१९५३ हे वर्ष आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. त्या साली टॅरिफ कमिशनने शिफारस केली, की ज्यांच्याकडे भारतातच सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे, त्यांनीच इथे मोटारी काढाव्यात. १९२८पासून शिवडीला गाड्या जुळवणाऱ्या जनरल मोटर्सने गाशा गुंडाळला, फोर्डनेही. पुढली तीस वर्षं भारतीय माणसासमोर जेमतेम तीन गाड्या उरल्या: कलकत्त्याची अँबॅसिडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईची फियाट. कारखान्याने किती गाड्या काढायच्या तेही परवान्याने ठरलेलं. मागणी जास्त आणि माल कमी, म्हणून सरकारने १९५९ साली मोटारींच्या वाटप-विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम काढला. नाव नोंदवायचं, अनामत ठेवायची आणि वाट पाहायची. नवी गाडी मिळाली तरी ठरावीक मुदतीत ती परवानगीशिवाय विकता येत नसे, कारण नव्या गाडीपेक्षा 'हातात असलेल्या' गाडीला बाजारात जास्त भाव होता. 'ऑन' हा शब्द मराठीत रुळला त्याचं एक कारण या गाड्या.

या रांगेपुढे मोठी माणसंही साधीच. पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी १९६४ साली घरच्यांच्या आग्रहाखातर फियाट घेतली. किंमत १२ हजार रुपये. सात हजार जवळ होते, पाच हजार पंजाब नॅशनल बँकेतून कर्जाऊ काढले. १९६६च्या जानेवारीत ताश्कंदला त्यांचं निधन झालं. उरलेलं कर्ज ललिताबाईंनी आपल्या निवृत्तिवेतनातून फेडलं. ती गाडी आज दिल्लीला त्यांच्या स्मारकात उभी आहे. कर्जाची ती हकिकत बाजूला काढली, तर काचेमागची ती एक जुनी फियाट, एवढंच.

माझ्या डॉक्टरांनी नाव नोंदवलं ते १९६८ साली. पुढच्याच वर्षी सरकारने मोटारींच्या किमतींवर कायदेशीर नियंत्रण आणलं. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि फियाटची रास्त किंमत किती हा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायमूर्तींपुढे उभा राहिला. इकडे फियाटबरोबरच्या कराराची मुदत संपत आली. १९७३ साली तीच गाडी 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ साली चितोडच्या राणीच्या नावावरून 'पद्मिनी'. साचा तोच, इंजिन तेच.

आणि याच सुमारास रांगच विस्कटली. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव भडकले. पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून त्या वर्षीच्या नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीत बसून संसदेत गेले. ज्यांनी वर्षानुवर्षं गाडीची वाट पाहिली होती, त्यांतले कित्येक नंबर लागल्यावर मागे हटले. गाडी मिळेल, पण पेट्रोल परवडणार कसं? डॉक्टर हटले नाहीत. डिसेंबर १९७४मध्ये त्यांनी ताबा घेतला.

आता वहीचा अर्थ लागतो. पहिली नोंद ताब्याच्या दुसऱ्या दिवसाची. तारीख, किलोमीटर, लिटर, पैसे असे चार रकाने. पाचवा रकाना 'कारण'. 'अक्कलकोट व्हिजिट.' 'ताईचं लग्न, पंढरपूर.' 'रात्री केस, बार्शी नाका.' बहुतेक फेऱ्या रोग्यांच्या. सहलीची पहिली नोंद यायला अडीच वर्षं लागली. सहा वर्षं थांबून मिळालेली आणि महागाईत चालवायची गाडी माणूस कशी वापरतो, याचं इतकं नेमकं टिपण मला कुठल्या अहवालात मिळालं नसतं. गाडी चांगली का राहिली, याचं उत्तरही इथेच आहे. ती शौकाने जपलेली नव्हती. टंचाईने जपलेली होती. आणखी एक गोष्ट: वहीत 'पद्मिनी' हा शब्द एकदाही नाही. २००४च्या शेवटच्या नोंदीपर्यंत ती 'फियाट'च. सर्व्हिसिंगचा हिशेबही 'फियाट सर्व्हिस' म्हणूनच लिहिलेला. कारखान्याने नाव बदललं, सरकारी पुस्तकात बदललं, पण ज्याने फियाटसाठी पैसे भरले होते त्याने बदललं नाही.

*

आता माझी चूक.

गाडी ट्रकवर चढवून पुण्याला आणली. ब्रेकचे रबर दगड झाले होते, टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा डिंक झाला होता. एका गॅरेजात ती दिली. उत्साहाच्या भरात मी मालकाला म्हणालो, "आधी काचा लख्ख करून घ्या." संध्याकाळी गेलो तर काचा खरोखरच लख्ख. पुढच्या काचेच्या कोपऱ्यात एकाखाली एक चिकटलेले रोड टॅक्सचे कागदी टोकन ब्लेडने खरवडून काढलेले. त्यांवर साल होतं. डॉक्टरांची वही २००४ला थांबते, पण गाडी त्यानंतर कुणी चालवली का, कधीपर्यंत, हे त्या टोकनांवरून निदान ताडून बघता आलं असतं. कचऱ्याच्या डब्यात हात घातला तेव्हा ओला लगदा हाताला आला. दोष गॅरेजवाल्याचा नव्हे, माझा. एखाद्याने जुन्या कागदावरचा 'डाग' म्हणून मुद्राच पुसून टाकावी, तसं मी केलं होतं.

त्यानंतर गॅरेजच्या मालकांनी नेहमीचा सल्ला दिला: "साहेब, पूर्ण रंग काढू, डेंटिंग-पेंटिंग करू, सीट नवीन मारू. शोरूममधून काढल्यासारखी करून देतो." ते खरोखर करून देतील याची मला खात्री होती. या कारागिरांच्या हातात कला आहे. त्यांच्यामुळेच या गाड्या सुटे भाग मिळेनासे झाल्यावरही चालत राहिल्या. पण टोकनांचा लगदा अजून डोळ्यांपुढे होता. मी म्हणालो, थांबा.

हा वाद माझ्या एकट्याचा नाही. इमारतींच्या बाबतीत तो १९६४ सालीच व्हेनिसच्या सनदेने निकालात काढला. तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, असं तिचं सूत्र. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिवा'ने, त्याच धर्तीवर २०१२च्या सुमारास एक सनद स्वीकारली. तिला ट्युरिनची सनद म्हणतात. ट्युरिन म्हणजे फियाटचं माहेर. फियाटमधला 'ट' ट्युरिनच्या इटालियन नावाचा, टोरिनोचा. सनदेचा आशय साधा आहे. जतन आणि नूतनीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वापराच्या खुणा हाही वाहनाच्या इतिहासाचा भाग आहे. जे बदलणं भाग आहे तेवढंच बदला, आणि काय बदललं याची नोंद ठेवा.

याविरुद्ध बोलता येत नाही असं नाही. आपल्याकडे देवळाला दरवर्षी रंग देतात, मूर्तीला वज्रलेप करतात. वस्तू जिवंत ठेवायची तर ती नवी होत राहिली पाहिजे, ही आपली जुनी समजूत आहे आणि तिच्यात तथ्य आहे. रॅलीत चकाकणाऱ्या गाड्या बघून एखादा पोरगा या छंदाकडे वळत असेल, तर त्या चकाकीलाही मी नावं ठेवणार नाही. मात्र ज्या गाडीचा रंग पूर्वीच तीनदा गेला आहे तिला चौथ्यांदा रंग द्यायला काहीच हरकत नसते. ज्या थोड्या गाड्यांचा पहिला रंग शाबूत आहे त्यांच्याबाबत तो निर्णय एकदाच घेता येतो. चुकला तर दुरुस्तीला वाव नाही.

मी ब्रेक पूर्ण नवे केले, कारण त्यात तडजोड नाही. टाकी साफ केली, सगळे रबरी पाइप बदलले. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुनं रबर टिकत नाही. पायाखालचा गंजका पत्रा कापून नवा जोडला. कापलेला तुकडा तारीख घालून पिशवीत ठेवला आहे. रंगाला हात लावला नाही. सीटची शिवण जुन्याच भोकांतून पुन्हा घालून घेतली.

*

उरला कायद्याचा प्रश्न. गाडी मयताच्या नावावर, म्हणून आधी ती वारसाच्या नावावर, मग माझ्या. फॉर्म ३१, मग २९ आणि ३०. नोंदणीची मुदत कधीच संपलेली, म्हणून नूतनीकरण, विलंबाचा दंड, तपासणी, पर्यावरण कर. या सगळ्यात आठ-नऊ महिने गेले, आणि दरम्यान गाडीला पन्नास वर्षं पूर्ण झाली.

पन्नाशीला अर्थ आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुनं आणि मूळ स्वरूपात राखलेलं खासगी वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येतं. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षं, नव्याने नोंदलेल्या गाडीच्या पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. आधीपासून नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. अट एवढीच, की अशी गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर यावी. दुसरा रस्ता साध्या नूतनीकरणाचा, दर पाच वर्षांनी. तो दिवसेंदिवस महाग होतो आहे. २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांपुढच्या मोटारींचं नूतनीकरण शुल्क १० हजारांवर गेलं. सरकारची बाजूही समजते. जुन्या इंजिनाचा धूर मला स्वतःलाच मागच्या आरशात दिसतो.

एक रस्ता मान देतो आणि गाडी उभी करतो. दुसरा पैसे घेतो आणि चालू देतो. मी बरेच दिवस घोटाळत होतो. शेवटी आठवण झाली ती सोलापूरच्या त्या दुपारची. व्यवहार ठरल्यावर डॉक्टरांच्या पत्नी, सत्त्याऐंशी वर्षांच्या काकू, काठी टेकत शेडपर्यंत आल्या. त्यांनी किंमत विचारली नाही. विचारलं ते एवढंच:

"चालवणार ना हो? का नुसती दाखवायला नेताय?"

"चालवणार, काकू," मी म्हणालो होतो.

म्हणून साधं नूतनीकरण केलं. रविवारी पहाटे रहदारी नसताना तिला सासवडपर्यंत नेतो आणि आणतो. डॉक्टरांच्या वहीत बरीच पानं कोरी आहेत, पण तिच्यात मी लिहीत नाही. ते त्यांचं दप्तर आहे, त्यात माझं अक्षर मिसळायला नको. वेगळी वही केली आहे. रकाने त्यांचेच ठेवले: तारीख, किलोमीटर, लिटर, पैसे, कारण. गाडीच्या नावापाशी मात्र थोडा वेळ थांबलो. आरसी बुकाप्रमाणे 'पद्मिनी' लिहायला हवं होतं. लिहिलं 'फियाट'.